सार्वजनिक इमारतीची हवा सुधारायची आहे: पैसा कोणत्या क्रमाने मागावा?

वाचनकक्ष (धागाकर्ता)

नमस्कार. आमच्या नगरपालिकेच्या एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर दाखले आणि करभरणा यांच्या खिडक्या, पहिल्या मजल्यावर सार्वजनिक वाचनालय आणि त्याच्या वर दोन मजले कार्यालये आहेत. इमारत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बांधलेली असून तिच्यात मध्यवर्ती वातानुकूलन आहे आणि वाचनालयाच्या बहुतेक खिडक्या कधीच उघडता येणार नाहीत अशा बसवलेल्या आहेत. मी वाचकांच्या वतीने इमारत समितीवर बसतो आणि गेली चार वर्षे एकाच विषयाचा पाठपुरावा करतो आहे, तो म्हणजे तिथली हवा.

दुपार झाली की वाचनकक्षात डोके जड होते. पाऊस झाला की छताजवळ ओलीचा वास येतो आणि थंड हवा सोडणाऱ्या जाळ्यांभोवती काळे ठिपके वाढत जातात. दम्याचा त्रास असलेल्या दोन नियमित वाचकांनी येणेच सोडले. मी स्वतःच्या पैशाने कार्बन डायऑक्साइड मोजण्याचे लहान यंत्र आणले आणि परवानगी घेऊन महिनाभर नोंदी ठेवल्या. सकाळी कक्ष उघडताना आकडा ४५०च्या आसपास असतो आणि दुपारी गर्दीच्या वेळी १,८०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे १,८०० भाग) जातो.

समितीने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पहिल्या वर्षी संपूर्ण यंत्रणा बदलण्याचे अंदाजपत्रक मांडले गेले, ते एवढे मोठे होते की सभागृहाने ते चर्चेविना बाजूला ठेवले. दुसऱ्या वर्षी छताचे डागाळलेले फलक बदलून रंग दिला गेला, पण पुढच्या पावसात डाग त्याच जागी परत आले. तिसऱ्या वर्षी कोणीतरी हवा शुद्ध करणारी यंत्रे भेट दिली. त्यांच्या गाळण्या बदलण्यासाठी कोणत्याच लेखाशीर्षाखाली तरतूद नसल्यामुळे आज ती बंद अवस्थेत कोपऱ्यात उभी आहेत. आता एका कंपनीने प्रस्ताव दिला आहे की ती स्वखर्चाने यंत्रणा सुधारेल आणि वीजबिलात होणाऱ्या बचतीतून आपला पैसा वसूल करून घेईल.

पुढच्या अंदाजपत्रकासाठी मला समितीपुढे टिपण ठेवायचे आहे. पैसा कुठून आणावा यापेक्षाही तो कोणत्या क्रमाने मागावा, हा माझा खरा प्रश्न आहे. एकदम सगळे मागितले की नकार मिळतो आणि थोडे मागितले की रंगरंगोटी होते, हा आमचा अनुभव आहे. या क्षेत्रात काम केलेल्यांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती.

झरोका

मी इमारतींच्या वायुवीजनाची तपासणी करण्याचे काम करतो, त्यामुळे आधी तुमच्या आकड्याविषयी लिहितो. निधीच्या मागणीचा पाया तोच आहे.

बसून वाचणारा प्रौढ माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड उच्छ्वासातून सोडतो, म्हणजे सेकंदाला ५ मिलिलिटर. माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा मिळत असेल तर आतले प्रमाण बाहेरच्यापेक्षा सुमारे ५०० पीपीएमने वर जाऊन स्थिरावते. बाहेर आज साधारण ४२० पीपीएम असते, म्हणून आत ९००च्या थोडे वर. तुमच्या १,८०० वरून उलटे गणित केले तर माणशी साडेतीन लिटरच निघतात, आणि आकडा स्थिर होण्याआधीच वाचक पांगत असतील तर खरी हवा त्याहूनही कमी आहे. म्युनिकचे माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ साली खोलीतल्या हवेसाठी सुचवलेली मर्यादा ०.१ टक्का, म्हणजे १,००० पीपीएम होती. या पातळीला हा वायू विषारी नसतो, तो माणसांच्या श्वासातून बाहेर पडलेले बाकी सगळे किती साचले आहे त्याचा दर्शक आहे. हे टिपणात स्पष्ट लिहा, नाहीतर एखादा सदस्य "हा वायू तर निरुपद्रवी आहे" असे म्हणून विषय संपवेल.

इमारतीचे वयही महत्त्वाचे आहे. १९७३च्या तेलसंकटानंतर ऊर्जा वाचवण्यासाठी ताज्या हवेची प्रमाणे खाली आणली गेली. अमेरिकेतील आश्रे या संस्थेच्या १९८१च्या मानकात धूम्रपान नसलेल्या कार्यालयांसाठी माणशी मिनिटाला केवळ ५ घनफूट हवा पुरेशी मानली होती, म्हणजे सेकंदाला अडीच लिटरहून थोडी कमी. १९८९च्या आवृत्तीत कार्यालयांसाठी ती २० घनफुटांवर नेण्यात आली. तुमची इमारत नेमकी या दोन तारखांच्या मधल्या विचाराने आखलेली असण्याची शक्यता आहे. तसे असेल तर यंत्र बिघडलेले नसून ते मूळ आराखड्याप्रमाणेच कमी हवा देत असेल, आणि मग नुसत्या दुरुस्तीने काहीच साधणार नाही. उलट, मी तपासलेल्या कित्येक जुन्या इमारतींत मूळ आराखडा ठीक होता, पण बाहेरची हवा आत घेणारा डँपर (हवेच्या वाटेतली उघडझाप होणारी झडप) कुणीतरी वीज वाचवण्यासाठी कायमचा बंद केलेला होता. या दोन शक्यतांच्या खर्चात जमीन-अस्मानाचे अंतर आहे आणि छतावर चढून पाहिल्याशिवाय कोणती खरी ते कळत नाही. म्हणूनच पहिली मागणी फक्त तपासणीच्या पैशाची करा. प्रत्येक जाळीतून किती हवा येते याचे मोजमाप, डँपर आणि पंख्यांची स्थिती, थंड कॉइलखालच्या (हवा थंड करणाऱ्या नळ्यांच्या संचाखालच्या) ट्रेमधून पाणी नीट वाहून जाते की साचते, छताची गळती कुठे आहे आणि जुन्या आवरणांत अ‍ॅस्बेस्टॉस (ज्याचे तंतू श्वासातून आत गेल्यास घातक ठरतात ते खनिज) आहे का, एवढे तिच्यात यायलाच हवे. अ‍ॅस्बेस्टॉसचा शोध काम सुरू झाल्यावर लागला तर काम थांबते आणि अंदाजपत्रक कोलमडते.

दुसरी मागणी पाण्याची. भिजलेला छताचा फलक २४ ते ४८ तासांत वाळला नाही तर त्यावर बुरशी धरण्याची शक्यता फार वाढते, आणि बुरशीवर रंग देणे म्हणजे तो पैसा भिंतीत गाडणे होय. गळती थांबली नसेल तर नव्या यंत्रणेवर एक पैसाही खर्च करू नका. माझ्या मते तुमच्या समितीचे दुसरे वर्ष याच एका चुकीने वाया गेले.

त्या कंपनीच्या प्रस्तावाविषयी सावध राहा, मात्र तो नाकारण्याची घाई करू नका. बचतीतून परतफेड करण्याची पद्धत जुनी आहे आणि योग्य जागी ती चांगली चालते. पंख्याला वेग कमी-जास्त करणारी यंत्रणा बसवली की मोठी बचत होते, कारण पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग २० टक्क्यांनी कमी केला तर शक्ती जवळपास निम्मी होते. अडचण मूळ पातळीत, म्हणजे बचत ज्या बिलाशी तुलना करून मोजली जाते त्या बिलात, आहे. आजचे वीजबिल हे पुरेशी ताजी हवा न देणाऱ्या इमारतीचे बिल आहे. ताजी हवा वाढवली की ती थंड करण्याचा खर्च वाढणार, आणि करारात मूळ पातळी दुरुस्त केलेली नसेल तर बचत दिसावी म्हणून डँपर पुन्हा हळूच बंद करण्याचा मोह कंपनीला होईल. करारात "बचत" या शब्दाची व्याख्या करताना माणशी किमान ताजी हवा ही अट घाला. बाहेर जाणाऱ्या हवेतली उष्णता किंवा थंडावा परत मिळवणारे यंत्र बसले तर या वाढीव खर्चाचा मोठा भाग भरून निघतो.

तळमजला

मी अशाच एका इमारतीत नागरिकांच्या खिडकीवर बारा वर्षे बसले आहे. धागाकर्त्यांनी फक्त वाचनकक्षात मोजले आहे, म्हणून एक गोष्ट सांगते.

आमच्याकडे कार्बन डायऑक्साइड कधीच फारसा वाढत नसे, कारण दार सतत उघडे असायचे. तरीही सकाळी पहिल्या दोन तासांत आमचे डोळे चुरचुरायचे. मी एका वहीत तारीख, वेळ, कोणत्या टेबलावर कोणाला काय त्रास झाला आणि पाऊस होता की नाही एवढेच लिहायला सुरुवात केली. चार महिन्यांनी ती वही अभियंत्यांच्या हाती दिली, तेव्हा त्यांनी पंधरा मिनिटांत कारण ओळखले. हवा आत घेणारी जाळी मागच्या बाजूला होती आणि सकाळी कार्यालयाची वाहने तिच्यासमोरच इंजिन चालू ठेवून उभी राहत होती. वाहने उभी करण्याची जागा बदलली. त्यासाठी कोणतीही निविदा लागली नाही.

सगळ्याच त्रासांचे उत्तर इतके सोपे नसते हे मला माहीत आहे. आमच्याच वरच्या मजल्यावर ओलीचा प्रश्न नंतरही अनेक वर्षे राहिला. पण जिथे कर्मचाऱ्यांची तक्रार "नेहमीचीच" म्हणून ऐकली जात नाही, तिथे तारखांसह भरलेली वही ऐकावी लागते. तुमच्या तळमजल्यावरच्या लोकांना विचारा. ते दिवसाचे आठ तास तिथे असतात.

करदाती

विषय गंभीर आहे हे मान्य करूनही मला एक शंका मांडायची आहे. नगरपालिकेच्या ताब्यात शाळा आहेत, दवाखाने आहेत. एका वाचनालयाच्या इमारतीसाठी यंत्रणा, तपासणी, करार एवढा व्याप करण्याऐवजी काही खिडक्या फोडून उघडत्या केल्या तर चालणार नाही का? आणि ते शक्य नसेल तर निदान भेट आलेली यंत्रे चालू करावीत.

झरोका

आपली शंका रास्त आहे. काही खिडक्या उघडत्या करणे हा उपाय तपासणीच्या यादीत असायलाच हवा आणि काही इमारतींत तोच सर्वांत योग्य ठरतो. बाहेरची हवा कशी आहे यावर ते अवलंबून आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली पीएम २.५ या सूक्ष्म धूलिकणांची वार्षिक मर्यादा १० वरून ५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरवर आणली. बाहेर धूळ आणि धूर यांचे प्रमाण याच्या अनेक पट असेल तर उघडी खिडकी एक त्रास घालवून दुसरा आत आणते.

भेट आलेल्या यंत्रांचे म्हणाल तर ती धूलिकण पकडतात, पण बाहेरची ताजी हवा आत आणत नाहीत, त्यामुळे १,८०० हा आकडा त्यांनी एका अंकानेही खाली येणार नाही. गाळण्या बदलून ती मधल्या काळासाठी जरूर वापरा, विशेषतः दमा असलेल्यांच्या जागेजवळ. आणखी एक इशारा देतो. जुन्या मध्यवर्ती यंत्रात एकदम दाट, उदाहरणार्थ मर्व्ह १३ दर्जाची (मर्व्ह म्हणजे गाळणी किती बारीक कण अडवते याची श्रेणी), गाळणी बसवली तर बारीक कण चांगले अडतात, पण जुन्या पंख्याला तेवढा दाब पेलला नाही तर एकूण हवाच कमी होते. पंख्याची क्षमता मोजल्याशिवाय तो खर्च करू नका.

लेखाशीर्ष

मी एका नगरपालिकेच्या लेखा विभागातून निवृत्त झालो आहे. अशा मागण्या मंजूर होतात कशा आणि नंतर वाया जातात कशा, हे दोन्ही मी जवळून पाहिले आहे.

धागाकर्त्यांच्या तीन वर्षांच्या इतिहासात तिसरे वर्ष मला सर्वांत बोलके वाटते. यंत्रे फुकट मिळाली आणि तरीही बंद पडली, कारण भांडवली वस्तू (दीर्घकाळ टिकणारी मालमत्ता) आली पण तिच्या मागे महसुली तरतूद (दरवर्षीच्या चालू खर्चाची रक्कम) आली नाही. सार्वजनिक इमारतींची हवा बहुतेक वेळा याच फटीतून बिघडते. नव्या यंत्राच्या उद्घाटनाला निधी मिळतो. गाळणी, पट्टा, ट्रेची साफसफाई आणि ते काम करणारा माणूस यांच्यासाठी दरवर्षी लागणारी रक्कम मात्र "किरकोळ दुरुस्ती"त ढकलली जाते आणि वर्षअखेरीस पहिली कात्री तिच्यावरच चालते. म्हणून मी असे सुचवेन की यंत्रणेच्या कामाला मंजुरी देणाऱ्या ठरावातच तिच्या वार्षिक देखभालीचे स्वतंत्र उपलेखाशीर्ष उघडावे आणि ती रक्कम दुसरीकडे वळवायची झाल्यास विषय पुन्हा सभागृहापुढे आणणे बंधनकारक करावे. दोन ठराव वेगळे केले तर दुसरा कधीच येत नाही.

पैशाच्या स्रोताचा नियम सोपा आहे, पण तो सतत मोडला जातो. ज्या वस्तूचे आयुष्य पंधरा-वीस वर्षे आहे तिच्यासाठी तेवढ्या किंवा त्याहून कमी मुदतीचे कर्ज काढावे. हवा हाताळणारे मोठे यंत्र आणि छताचे जलरोधन हे खर्च या वर्गात बसतात, कारण त्यांचा लाभ पुढच्या वर्षांतल्या करदात्यांनाही मिळणार असतो. गाळणी काही महिन्यांत बदलावी लागते, तेव्हा तिच्यासाठी कर्ज काढणे म्हणजे गाळणी फेकून दिल्यावरही तिचे व्याज भरत राहणे होय. तपासणीचा खर्च चालू वर्षाच्या महसुलातूनच करावा. त्याचे एक व्यवहारी कारण असे की वरच्या स्तरावरची अनुदाने मागताना आराखडा, मोजमापे आणि स्वहिस्सा तयार असावा लागतो, आणि अशा योजना अचानक जाहीर होऊन ठराविक मुदतीत बंद होतात. जर्मनीने ऑक्टोबर २०२०मध्ये सार्वजनिक इमारतींतील हवाप्रणाली सुधारण्यासाठी ५० कोटी युरोंची योजना आणली, तेव्हा ती सुरुवातीला फक्त आधीपासून बसवलेल्या यंत्रणांच्या सुधारणेसाठी होती. आपल्या इमारतीत नेमके काय आहे हे ज्या संस्थेला ठाऊकच नाही, ती अशा योजनेत आपण बसतो की नाही हेही सांगू शकत नाही. अनुदान आले तर ते एकरकमी कामासाठीच वापरावे. त्यातून देखभालीचा पगार सुरू केला तर अनुदान संपते त्या दिवशी देखभालही संपते.

श्रीमती करदाती यांच्या मुद्द्याविषयी थोडे लिहितो. लाभ मोजताना अडचण ही येते की खर्च इमारत विभागाच्या खात्यात दिसतो आणि लाभ इतरत्र पडतो. अमेरिकेतील एका मोठ्या उत्पादक कंपनीच्या ४० इमारतींमधील ३,७२० कर्मचाऱ्यांचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात कमी ताजी हवा मिळणाऱ्या जागांतल्या कर्मचाऱ्यांच्या अल्पमुदतीच्या आजारी रजा लक्षणीय प्रमाणात जास्त आढळल्या होत्या. त्या अभ्यासातले आकडे आपल्या इमारतीला जसेच्या तसे लावू नयेत. पण आस्थापना विभागाकडून मजलावार आजारी रजांची मागच्या तीन वर्षांची संख्या, व्यक्तींची नावे वगळून, मागवता येते आणि ती टिपणाला जोडली की हा खर्च कोणत्या नुकसानीच्या बदल्यात होतो आहे ते सभागृहाला दिसते. शाळा आणि दवाखान्यांचा प्रश्न खरा आहे, म्हणून तपासणीचा ठराव एकाच इमारतीपुरता न ठेवता "पहिली इमारत" म्हणून मांडावा आणि मोजमापाची तीच पद्धत पुढे त्यांनाही लावावी.

निविदेबाबत दोन गोष्टी मी अनुभवाने शिकलो. तपासणी करणाऱ्याला यंत्रे पुरवण्याच्या कामात भाग घेऊ देऊ नये, नाहीतर प्रत्येक तपासणीचा निष्कर्ष "नवे यंत्र घ्या" असाच निघतो. आणि देयकाचा शेवटचा हप्ता यंत्र बसवल्याच्या दाखल्यावर न देता, इमारत पूर्ण गर्दीत चालू असताना घेतलेल्या मोजमापांवर द्यावा. रिकाम्या इमारतीत घेतलेली चाचणी नेहमीच उत्तीर्ण होते. याशिवाय जुन्या इमारतीत छत उघडल्यावर अनपेक्षित काम निघणारच, तेव्हा आकस्मिक खर्चाची रक्कम अंदाजपत्रकातच वेगळी दाखवावी. ती लपवली तर पुढे वाढीव खर्चाची मान्यता मागताना संपूर्ण प्रकल्पावरचाच विश्वास उडतो.

वाचनकक्ष (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. विशेषतः तळमजला यांचे, कारण त्यांचा प्रतिसाद वाचून मी काल सकाळी आमच्या इमारतीच्या मागच्या बाजूला जाऊन आलो. हवा आत घेणारी जाळी कचरा नेणाऱ्या गाड्यांच्या थांब्यापासून जेमतेम तीन पावलांवर आहे. चार वर्षांत मी तिथे एकदाही गेलो नव्हतो, याची मला खंत वाटते. थांबा हलवण्याचे पत्र आजच दिले आहे, आणि खिडक्यांवर बसणाऱ्या कर्मचाऱ्यांनी उद्यापासून वही ठेवायचे मान्य केले आहे.

टिपणाचा मसुदा मी पूर्ण बदलला. या वर्षी आम्ही यंत्रणेसाठी काहीच मागणार नाही. चालू महसुलातून स्वतंत्र तपासणीचा खर्च, छताच्या गळतीची दुरुस्ती आणि भेट मिळालेल्या यंत्रांच्या गाळण्यांसाठी छोटी वार्षिक तरतूद, एवढ्याच तीन बाबी त्यात आहेत. बचतीच्या कराराचा प्रस्ताव तपासणीचा अहवाल येईपर्यंत स्थगित ठेवावा, अशी शिफारस केली आहे. यंत्रणेची मागणी पुढच्या वर्षी त्या अहवालासह येईल आणि देखभालीचे उपलेखाशीर्ष त्याच ठरावात असेल, असेही आत्ताच लिहून ठेवले आहे.

लेखाशीर्ष यांना एक प्रश्न विचारायचा आहे. गळतीची दुरुस्ती आम्ही महसुली खर्चात दाखवली आहे. छताचे संपूर्ण जलरोधन करावे लागेल असे तपासणीत निघाले तर ते भांडवली कामात जाईल. मग आज किती छत दुरुस्त करावे?

लेखाशीर्ष

आज फक्त जिथून पाणी आत येते तेवढ्याच जागा बंद करा आणि ठरावात "तात्पुरती गळतीप्रतिबंधक दुरुस्ती" असे शब्द वापरा. "छताची दुरुस्ती" असे लिहिले तर पुढच्या वर्षी संपूर्ण जलरोधन मागताना लेखापरीक्षक विचारतील की मागच्याच वर्षी दुरुस्त केलेल्या छतावर पुन्हा खर्च कशासाठी, आणि त्या एका आक्षेपावर प्रस्ताव वर्षभर अडकू शकतो. ज्या जागा बंद केल्या त्यांची आधीची आणि नंतरची छायाचित्रे, तारखा आणि छताच्या नकाशावरील खुणा तपासणी करणाऱ्याकडे द्या. पहिल्या मोठ्या पावसानंतर कोणत्या खुणेजवळ पुन्हा ओल आली हे त्याने नोंदवले की संपूर्ण जलरोधनाची गरज आहे की नाही ते त्या नकाशावरच दिसेल.